कोंड्यातले दोन दिवस

दर शनिवारी काकू खाटकाच्या दुकानात शिरल्या की खाटीक सुरी खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, “काय काकू, मोडला का नेम?”

“मोडला नाही रे बाबा, थोडा वाकवलाय,” काकू म्हणायच्या आणि मान दुसरीकडे वळवून पिशवी पुढे करायच्या.

पिशवीत तो कोंबडीची काळजं, पंखांची टोकं, कुणी न नेलेलं असं काहीबाही टाकायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, “काकूंकडे पाहुणे आहेत. हजारभर. एकूण एक मांसाहारी.”

पाहुणे होते, हे खरंच होतं. घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागच्या पत्र्याच्या खोलीत एक बादली होती, दोन डबे होते आणि त्यांत माशीच्या अळ्या वाढत होत्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात अंड्याचं टरफलही हाती धरलं नव्हतं, झुरळ दिसलं तर त्याला कागदावर घेऊन जी दाराबाहेर सोडून यायची, ती आता रोज सकाळी त्या बादलीत डोकावत होती. कशासाठी, तर नवऱ्याच्या दोन पाखरांसाठी.

काका घड्याळजी. चाळीस वर्षं एका अरुंद दुकानात, डाव्या डोळ्यात भिंग अडकवून, केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करत बसलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. कडेचं सगळं दिसायचं, नेमकं मधलं पुसल्यासारखं व्हायचं. “माणूस दिसतो, पण त्याचं नाक दिसत नाही. बऱ्याच जणांचं त्यात काही बिघडत नाही,” असं ते हसत सांगायचे. पण एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळात त्यांनी चाक उलटं बसवलं. तो माणूस परत आला, घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. काकांनी त्या दुपारी शटर ओढलं ते ओढलंच. अवजारांची पेटी घरी आली आणि पलंगाखाली गेली. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यानंतर महिन्याभरात बंद पडलं. ते कुणी दुरुस्त केलं नाही, आणि उतरवलंही नाही.

राहिली ती पाखरं. काळ्या पाठीची, तांबूस पोटाची, लांब शेपटीची गाणारी जोडी. नराला काका ‘सरकार’ म्हणायचे आणि मादीला ‘बाईसाहेब’. एरवी फळांवर आणि भिजवलेल्या चुऱ्यावर त्यांचं भागायचं, पण पिल्लांच्या तोंडी मात्र जिवंत, हलणारं काहीतरी लागायचं. ते मिळालं नाही की आईबापच पिल्लांना चोचीत धरून घरट्याबाहेर टाकायचे. दोनदा तसं झालं होतं. दोन्ही वेळा पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले ते उघडे, गुलाबी गोळे काकांनी चाचपडत गोळा केले होते आणि कागदात गुंडाळले होते.

“तिसऱ्यांदा होऊ देणार नाही,” काकांनी ठरवलं. “अळ्या घरीच वाढवू. बाजारातल्या कुठल्या घाणीत वाढलेल्या असतात, कुणास ठाऊक. फक्त एक आहे. मला दिसत नाही ते तुला बघावं लागेल.”

काकूंचे रोजचे नेम दोन होते. जाणूनबुजून कुठला जीव घ्यायचा नाही, हा एक. आणि स्वतः जेवायच्या आधी कुठल्या तरी भुकेल्या जिवाच्या तोंडी घास घालायचा, हा दुसरा. तीस वर्षांत तापातसुद्धा त्यांनी तो चुकवला नव्हता. काकांचं म्हणणं ऐकून तीन दिवस त्या गप्प होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वाढवीन मी, निवडीन मी. पण पिंजऱ्यात घालायच्या तुम्ही. माझ्या हातून जिता जीव कुणाच्या चोचीत जायचा नाही.”

“म्हणजे आचारी तू आणि जल्लाद मी.”

“तसं समजा हवं तर.”

काका हसले होते. अशी वाटणी झाली आणि काम सुरू झालं.

बादलीत मांस ठेवून झाकण दोन तास उघडं ठेवायचं. माश्यांना आमंत्रण लागत नाही. मग तोंडावर विरळ कापड बांधायचं. चार-पाच दिवसांत अळ्या तांदळाच्या दाण्याहून मोठ्या, फुगीर होतात. त्या चाळणीत ओतल्या की उजेडापासून पळायला स्वतःच भोकांतून खाली उतरतात. खाली गव्हाच्या कोंड्याचा डबा. त्या कोंड्यात दोन दिवस त्यांनी उपाशी राहायचं. अळीच्या कातडीतून आरपार दिसतं. बारक्या टोकाकडे पोटात एक काळा ठिपका असतो, ते तिने खाल्लेलं सडकं मांस. तो ठिपका पूर्ण गेल्याशिवाय अळी पाखराला द्यायची नाही. त्या सडक्यात विष असतं. अळीला त्याचं काही होत नाही, पाखराला होतं.

काकांनी त्यातही घड्याळजीचा स्वभाव सोडला नाही. दोन डबे, एक निळ्या झाकणाचा, एक पांढऱ्या. प्रत्येकावर जाड पेनाने लिहिलेली चिठ्ठी: सोमवार, दहा वाजून वीस. “दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास,” ते बजावायचे, “सत्तेचाळीस नव्हेत.” मग काकू चमच्यात दहा अळ्या घेऊन खिडकीपाशी उभ्या राहायच्या.

“ठिपका?”

“आहे.”

“किती जणांना?”

“दहातल्या तिघांना.”

“मग नाही. दहातल्या दहा म्हणशील तेव्हाच.”

सून या सगळ्याकडे नाक मुरडून बघायची. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, दिवसभर हातमोजे घालून वावरायची, आणि नवरा बोटीवर असल्यामुळे घरात तक्रार ऐकवायला सासू-सासऱ्यांशिवाय तिला कुणी नव्हतं. “आई, काल डॉक्टर मला विचारत होते, घरी काही मेलंय का म्हणून. मी म्हटलं, नाही, उलट जन्माला येतंय. रोज शेकड्यांनी.” काकांना मात्र ती वेगळ्याच सुरात म्हणायची, “बाबा, गच्चीचा जिना एकट्याने चढू नका. आणि ती पेटी कुणाला तरी देऊन टाका ना. पलंगाखाली हात घालून चाचपत बसता, मला बघवत नाही.”

“पिल्लं उडू देत,” काका म्हणायचे. “पिल्लं उडाली की पेटी काढतो आणि ते भिंतीवरचं घड्याळ उघडतो. मोठी चाकं आहेत, बोटांना कळतात.” हे ते इतक्या सहज म्हणायचे, की त्यांचा सगळा जीव त्याच एका वाक्याला टांगलेला आहे, हे फक्त काकूंना समजायचं.

शनिवारी पिल्लं फुटली. दोन आधी, एक उशिरा. काकांना ती दिसत नव्हती. पिंजऱ्याला कान लावून ते मोजायचे, पूर्वी घड्याळं ऐकायचे तसे. “दोघं दणदणीत आहेत. तिसरं मागे पडतंय. शेंडेफळ आहे ना, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं.” दिवसातून सहा वेळा ते अळ्यांची वाटी आत सरकवायचे. सरकार आणि बाईसाहेब झडप घालून त्या पिल्लांच्या घशात कोंबायचे. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तळाशी काही पडलं नाही. पाचव्या दिवशी काका दाढी करताना चक्क शीळ घालत होते. काकूंनी ती शीळ दोन वर्षांनी ऐकली.

त्याच दिवशी, बुधवारी, ते घडलं.

काकूंचा रोजचा घास आधी एका कानतुटक्या बोक्यासाठी असायचा. पिल्लं आल्यापासून काकांनी त्याला अंगणात फिरकू दिलं नव्हतं. मग काकू समोरच्या शिंप्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पोळीचा तुकडा घालायला लागल्या. त्या दिवशी शिंप्याचं दुकान बंद, कुत्रा नाही. पायरीवर चुरा टाकला, तर एक चिमणीसुद्धा खाली उतरेना. सून कामावर निघताना म्हणाली, “आई, चहा गार झाला. पाखरं जेवतायत ना घरात? त्यातच धरा की तुमचा नेम.”

“ती यांच्या हातून जेवतात गं.”

नऊ वाजले होते. पोटात काही नाही, डोकं हलकं झालेलं. तशाच त्या गच्चीवर गेल्या. निळ्या झाकणाच्या डब्यातल्या अळ्या त्या दिवशी द्यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळीच काकूंनी दहातल्या दहा बघितल्या होत्या, सगळ्या स्वच्छ, दुधाच्या थेंबासारख्या. तास तेवढे पुरे व्हायचे होते. त्यांनी झाकण उघडलं. दोन दिवस उपाशी राहून अळ्या बारीक झाल्या होत्या. डब्याच्या कडेने वर चढायच्या, घसरायच्या, पुन्हा चढायच्या. तोंडं हवेत इकडे तिकडे काहीतरी शोधत होती.

काकू बघत उभ्या राहिल्या. यांना मीच वाढवलं, त्यांना वाटलं. तासाभरात या सगळ्या चोचीत जाणार, आणि जाणार त्याही उपाशी. मरायला निघालेल्याला कुणी भुकेलं धाडतं का? ठिपका तर गेलाच होता. कपड्यावरचा डाग एकदा निघाला की निघाला, तसाच हाही, अशी त्यांची समजूत. पोटातली घाण बाहेर गेली, आता चांगला घास जायला काय हरकत आहे?

बादलीवरचं कापड सोडून त्यांनी लाकडी चिमट्याने मांसाचा एक तुकडा उचलला. अंगठ्याएवढा. तळाचा, कारण तळाचं मऊ झालेलं असतं आणि अळ्यांना मऊ आवडतं, हे त्यांनी इतक्या दिवसांत पाहिलं होतं. तो त्यांनी निळ्या डब्यात ठेवला. क्षणात अळ्यांनी तो झाकून टाकला. काकूंनी डोळे मिटून हात जोडले, दोन शब्द म्हटले, आणि खाली येऊन गार चहा प्यायल्या. तासाभराने पुन्हा वर गेल्या तेव्हा तुकड्याचा दोराएवढा अंश उरला होता. तो त्यांनी काढून टाकला.

दहा वाजून वीस मिनिटांनी काका वर आले. “काल दहातल्या दहा होत्या ना?”

“हो,” काकू म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

काका निळा डबा घेऊन कठड्याला धरून खाली गेले. काकूंनी बादलीतल्या फुगलेल्या अळ्या चाळून पांढऱ्या डब्यात उतरवल्या आणि चिठ्ठी लावली: बुधवार, दहा वाजून वीस.

गुरुवारी दुपारी काका पिंजऱ्याला कान लावून बसले होते. बराच वेळ बसले. मग हाक मारली, “अगं, इकडे ये जरा. मला आवाज एकच येतोय.”

काकू धावत आल्या. घरट्यात दोन मोठी पिल्लं होती, पण त्यांच्या माना पाण्यावाचून सुकलेल्या देठासारख्या बाजूला कलंडल्या होत्या. चोची अर्धवट उघड्या. एक गेलेलं होतं. दुसरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. शेंडेफळ दोघांच्या मधून मान वर काढून ओरडत होतं. बाईसाहेब दांडीवर नव्हती. ती तळाशी पंख पसरून बसली होती, आणि तिची मानही उचलत नव्हती. सरकार वरून खाली, खालून वर नुसता उड्या मारत होता.

“सांग ना काय ते,” काका म्हणाले.

काकूंनी सांगितलं. माना कशा आहेत तेही सांगितलं. काकांनी हात आत घातला, बोटांच्या टोकांनी पिल्लांच्या माना चाचपल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “विष,” ते म्हणाले. “सडक्याचं विष. माना टाकतात ते त्यानेच. वाटी काढ आधी. उरलेल्या सगळ्या फेकून दे.”

सून त्या दिवशी लवकर आली होती. तिने हातमोजे घातले, मेलेली पिल्लं बाहेर काढली, बाईसाहेबला कापसात गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवलं. नाक मुरडलं नाही. “पण बाबा, आईंनी तर बघितलं होतं ना? ठिपका गेला होता. गेलेला ठिपका परत कसा येईल?”

“येतो,” काका म्हणाले. “काही खायला मिळालं की तासाभरात येतो. पोटच आहे ते. डब्यात मांस पडलं असणार.”

काकू खोक्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. ड्रॉपरने पाणी पाजत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

“मंगळवारी संध्याकाळी मी वर गेलो होतो,” काका बोलत होते, स्वतःशीच बोलावं तसे. “बादलीचं कापड सैल वाटलं म्हणून हाताने दाबलं. निळा डबा शेजारीच होता. उघडून वास घेतला. तेव्हाच माझ्या बोटाला लागून काहीतरी पडलं असणार. दिसतं कुठे मला? आणि काल घालायच्या आधी पुन्हा बघून घ्यायचं, तेही केलं नाही.” मग ते सुनेच्या दिशेने वळले. “सूनबाई, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. ती पेटी काढ पलंगाखालून. कुणी घड्याळजी असेल, त्याला देऊन टाक. आणि पाखरं विकणाऱ्याला फोन कर, सरकारला घेऊन जा म्हणावं.”

“बाबा, असं लगेच…”

“लगेच नाही. दोन वर्षं उशीर झालाय.”

एक शब्द बोलला असता तर तिथेच सगळं थांबलं असतं. काकूंचे ओठ उघडलेसुद्धा. आणि तसेच मिटले. सूनबाई समोर होती, काकांचा तो पांढरा चेहरा होता. आणि आणखीही एक होतं, जे काकूंना स्वतःशी कबूल करायला जड जात होतं. तीस वर्षं त्या ज्या हातांनी देवापुढे उभ्या राहत होत्या, ते हात स्वच्छ आहेत, ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःची म्हणून कमावली होती. ती अशी सगळ्यांसमोर काढून ठेवायची? त्या उठल्या आणि ड्रॉपर धुवायला गेल्या. धुतलेला ड्रॉपर त्यांनी पुन्हा धुतला.

संध्याकाळी शेंडेफळाला काकांनीच उकडलेल्या अंड्याचा बलक चिमट्याने भरवला. चोच कुठे आहे ते आवाजावरून ओळखून. अर्धा बलक पिल्लाच्या डोक्यावर गेला. वाट्याला उरलंसुरलं येत होतं म्हणूनच ते वाचलं होतं. त्या डब्यातलं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. काकूंनी ताट वाढलं आणि स्वतः बसल्या नाहीत. सुनेने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. “आई, बरं नाही का?”

“बरं आहे गं. आज नको वाटतंय.”

शुक्रवारी सकाळी काकू नेहमीप्रमाणे देवापुढे उभ्या राहिल्या. हात जोडले, डोळे मिटले. रोजचे शब्द जिभेवर आले आणि तिथेच अडकले. कुठल्या तोंडाने म्हणायचं? मागे सूनबाई पलंगाखालून पेटी ओढत होती. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. काकूंनी हात सोडले, वळल्या आणि म्हणाल्या, “राहू दे ती. ढकल आत.”

काका पिंजऱ्यापाशी खुर्चीत बसलेले होते. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. समोर उभं राहिलं की त्यांना नीट दिसायचं नाही, हे ठाऊक असूनही समोरच.

“तुमच्या हातून काही पडलं नव्हतं. मी घातला होता. तुकडा.”

काकू कडेच्या नजरेत याव्यात म्हणून काकांनी मान तिरकी केली.

“बुधवारी सकाळी. ठिपका गेल्यावर. मला वाटलं, एकदा गेला की गेला.”

“किती मोठा?”

“अंगठ्याएवढा.”

“कुठला?”

“बादलीच्या तळाचा. मऊ बघून घेतला.”

“मऊ बघून,” काका म्हणाले. सूनबाई दारात थांबली होती, हातात पेटीची कडी तशीच. “का पण?”

“उपाशी होत्या हो. मरायलाच जायच्या होत्या. निदान…” काकूंनी वाक्य तिथेच सोडलं. “त्या दिवशी कुत्राही नव्हता. माझा घास कुणाला गेला नव्हता.”

काका हसले. काकूंनी त्यांचं असं हसणं पूर्वी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची त्यांना इच्छा नव्हती. “म्हणजे तुझा नेम पुरा व्हावा म्हणून. रोज एक जीव जगवायचा तो तू, आणि मारायचा तो मी. बरी वाटणी केली होतीस. पिंजऱ्यात जाणारा हात माझा, म्हणून तुझा कोरडा. आणि काल मी इथे बसून सगळं माझ्यावर घेत होतो, तेव्हा तू ड्रॉपर धुवत होतीस.”

“हो.”

“दोनदा धुतलास. ऐकू येत होतं मला.”

काकूंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं होतं, सांगितलं की मन हलकं होईल. ते झालं नाही. उलट आता कुठे ते दोन गोळे त्यांच्या ओटीत येऊन पडल्यासारखे झाले. सूनबाईने पेटी हळूच आत ढकलली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पिंजऱ्यात शेंडेफळ ओरडायला लागलं. सरकार दांडीवरून खाली आला, रिकाम्या वाटीत चोच मारली, आणि घरट्याकडे एक नजर टाकून तिथेच थांबला. त्या नजरेचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. आज काही हलणारं मिळालं नाही तर तो पिल्लाला बाहेर टाकणार.

“पांढरा डबा दहा वाजून विसाला पुरा होतो,” काका म्हणाले.

“आणते मी खाली.”

“आण. आणि घालणारही तूच.”

“अहो, मी कधी…”

“मला दिसत नाही,” काका म्हणाले. या वेळी त्यांनी पुढे कुठला विनोद जोडला नाही. “मला दिसत नाही आणि तुझ्यावर माझा भरवसा नाही. मग आपण दोघांनी मिळून बघायचं. मोठ्याने मोज.”

काकूंनी खिडकीपाशी चमचा धरला. एकेक अळी उजेडाकडे फिरवून बघायला त्यांना वेळ लागत होता. डोळ्यांत पाणी यायचं, ते पुसायचं आणि पुन्हा त्याच अळीपासून सुरुवात करायची.

“दहातल्या नऊ,” त्या म्हणाल्या.

“मग नाही.”

घड्याळ बंद होतं. सूनबाईने येऊन फोनवर वेळ सांगितली. दहा पस्तीस. अकरा. शेंडेफळाला मधे बलकाचा एक कण काकांनी दिला, पण सरकार आता घरट्याच्या काठावर येऊन बसला होता. सूनबाई दवाखान्यात कळवून आली होती की आज उशीर होईल. कुणी विचारलं तर पाहुणे आहेत म्हणून सांगा, असंही ती फोनवर म्हणाली होती. त्यावर कुणी हसलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काकूंनी पुन्हा चमचा भरला. दहा बघितल्या. मग आणखी दहा. मग आणखी दहा. “तिसातल्या तीस,” त्या म्हणाल्या.

“शपथ?”

“शपथ नको घ्यायला लावू. आहेत.” त्या कधी काकांना अरे-तुरे करत नसत. निघून गेलं तोंडातून. दोघांपैकी कुणी ते दुरुस्त केलं नाही.

काकांनी आपला चिमटा पुढे केला. पेटीतला, बारीक टोकाचा, चाळीस वर्षं त्यांच्या बोटांत राहिलेला. केव्हा काढून ठेवला होता कोण जाणे. काकूंनी एक अळी उचलली. ती चिमट्यात वळवळली, उजेडाकडून तोंड फिरवून अंधार शोधायला लागली. काकूंनी हात पिंजऱ्यात घातला. तो मागे घेतला नाही. शेंडेफळाने मान ताणून चोच उघडली. आत लाल, ओलं, एवढंसं भुकेलं तोंड होतं.

“घेतलं?” काकांनी विचारलं.

“घेतलं.”

“दुसरी.”

चार झाल्यावर काकूंनी उरलेल्या अळ्या वाटीत ओतल्या. सरकार काठावरून उतरला, वाटीकडे गेला आणि एक अळी स्वतः उचलून घरट्यात घेऊन आला. काकांना ते दिसलं नाही. त्यांनी ऐकलं. मान थोडी वर झाली, बस्स.

खोक्यातली बाईसाहेब दोन थेंब पाणी प्यायली होती. मान अजून उचलत नव्हती. जगेल का, ते सांगता येत नव्हतं.

सुनेने टेबलावर काकूंचं ताट आणून ठेवलं. कालपासून पोटात काही नव्हतं. काकू ताटासमोर बसल्या आणि सवयीने आधी दाराकडे पाहिलं, कुणी भुकेलं आहे का म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की आजचा घास गेलेला आहे. त्यांच्याच हातून गेलेला आहे, चार वेळा. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. साबणाने धुतली होती, एकदाच.

“जेव,” आतल्या खोलीतून काका म्हणाले. आवाजात माया होती असं म्हणता येणार नाही. “बारा वाजता पुन्हा द्यायचंय. तोपर्यंत तीस बघून ठेव.”

काकूंनी पहिला घास घेतला. तो बराच वेळ तोंडात फिरत राहिला.